थेंबाचा माग

नव्याने बांधून आलेल्या इंजिनाविषयीची पहिली साक्ष गाडीच्या मालकाला मिळते ती जमिनीकडून. रात्रभर गाडी जेथे उभी होती तेथे सकाळी रुपयाएवढा काळसर डाग दिसतो, आणि साठवलेली पुंजी खर्चून, कित्येक दिवस गाडीविना काढून करवून घेतलेले काम वाया गेले की काय, या शंकेने त्याचे मन खट्टू होते. तो गाडी घेऊन पुन्हा गॅरेजात जातो. मिस्त्री गाडीखाली डोकावतो, ओल्या जागेवरून बोट फिरवतो आणि तत्काळ आपले निदान सांगतो. ते निदान बरोबर असले तर तासा-दोन तासांत काम उरकते. चुकले तर सारे इंजिन पुन्हा खाली उतरवण्याची पाळी येते, आणि इतके करूनही डाग पडायचा तो पडतच राहतो. या दोहोंमधील अंतर फार मोठे आहे, आणि थेंब कोठून आला हे नीट पाहिले की नाही, एवढ्यावरच ते अवलंबून असते.

या विषयाचे उदाहरण म्हणून अँबॅसडर गाडीचे इंजिन घेणे सोयीचे होईल. मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवर बेतलेली ही गाडी उत्तरपाडा येथील कारखान्यात १९५७ पासून तयार होऊ लागली आणि २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. १९५९ मध्ये तिला ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी’ मालिकेतील, माथ्यावर व्हॉल्व्ह असलेले, १४८९ घनसेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन मिळाले. मुंबईत टॅक्सी म्हटले की फियाट आणि पुढे प्रीमियर पद्मिनी हीच डोळ्यांपुढे येत असे. परंतु कोलकात्याची पिवळी टॅक्सी, दिल्लीच्या सचिवालयापुढे उभी असलेली पांढरी सरकारी मोटार आणि जिल्ह्याच्या गावी कलेक्टरांच्या बंगल्यासमोरील गाडी या अँबॅसडरच असत. या गाडीचे इंजिन झिजले म्हणून कोणी ती मोडीत काढीत नसे. ते पुन्हा बांधले जाई, एकदाच नव्हे, तर दोन-दोन, तीन-तीन वेळा. त्यामुळे बांधलेल्या इंजिनाच्या गळतीचा अनुभव या गाडीने भारतातील मिस्त्रींना जितका दिला, तितका क्वचितच दुसऱ्या कोणत्या गाडीने दिला असेल.

प्रथम हे पाहिले पाहिजे की, जुने, मळके इंजिन फारसे गळत नव्हते आणि नवे बांधलेले गळू लागले, असे का व्हावे? इंजिन बांधताना त्याचा सांधा न् सांधा उकलला जातो. क्रँकशाफ्ट घासून घेतात, सिलिंडरांना बोअर करतात, पिस्टन व रिंगा नव्या बसवतात, आणि मग सारे भाग पुन्हा जोडतात. वर्षानुवर्षे साचलेला तेलाचा चिकट गाळ सांध्यांच्या बारीक फटी बुजवून बसलेला असतो. तो रॉकेलने धुऊन निघाला की प्रत्येक सांध्याला स्वतःच्या गुणांवर उभे राहावे लागते. धातूचा एखादा पृष्ठभाग वाकला असेल, एखादे बूच बसवायचे राहिले असेल, एखादे पॅकिंग दुमडले असेल, तर ते आता उघडकीस येते. शिवाय बांधणीच्या वेळी सांडलेले तेल ब्लॉकच्या खाचाखोचांत साचून राहते आणि इंजिन तापले की ओघळू लागते. पहिल्या दोन-तीन दिवसांतील डाग पुष्कळदा या सांडलेल्या तेलाचाच असतो. अशा वेळी पाना उचलण्याची घाई करू नये.

निदानाची पहिली पायरी म्हणजे पडलेला थेंब कशाचा आहे हे ओळखणे. गाडीखाली रात्री स्वच्छ पुठ्ठा किंवा पांढरा कागद पसरावा, त्यावर चारही चाकांच्या जागा खुणावून ठेवाव्यात आणि सकाळी डागांचे स्थान, रंग व दाटपणा पाहावा. इंजिनातील तेल थोडे चालल्यावर काळपट होते आणि त्याला किंचित जळका वास येतो. गिअरबॉक्स किंवा मागच्या डिफरन्शियलमधील तेल बहुधा दाट असते आणि त्याला गंधकासारखा उग्र दर्प येतो. ब्रेकचे द्रव पातळ असते आणि बोटांना तेलासारखे ओशट न लागता वेगळेच बुळबुळीत लागते. ते असेल तर गाडी जागची हलवू नये. इंजिन आणि गिअरबॉक्स जेथे जोडलेले असतात त्या जागी पडलेला थेंब या दोहोंपैकी कोणाचा, एवढे कळले तरी निम्मे कोडे सुटते.

दुसरी पायरी तेलाच्या स्वभावाची आहे. तेल खाली ओघळते. आणि गाडी चालू असताना पंख्याचा व समोरून येणारा वारा त्याला मागे ढकलतो. म्हणून उगम ओल्या भागाच्या वरच्या आणि पुढच्या टोकाला असतो, आणि थेंब खालच्या व मागच्या टोकाला पडतो. रॉकर कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून निघालेले तेल ब्लॉकच्या पाठीवरून उतरते, क्लचच्या हाउसिंगवर येते आणि तेथून जमिनीवर टपकते. खालून पाहणाऱ्याला ते क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकातून आल्यासारखे वाटते. पुढच्या पुलीजवळ झिरपलेले तेल पंख्याच्या वाऱ्याने साऱ्या चेंबरवर फासले जाते, आणि चेंबरचे निर्दोष पॅकिंग दोषी ठरते. थोडक्यात, ओल्या भागातील सर्वांत उंच आणि सर्वांत पुढची जागा कोणती, हा प्रश्न आधी विचारावा.

परंतु सारेच इंजिन तेलाने माखलेले असेल तर या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. म्हणून तिसरी पायरी स्वच्छतेची. गार इंजिन रॉकेलने किंवा तेल काढणाऱ्या द्रावणाने घासून धुवावे. मात्र डिस्ट्रिब्युटर, डायनॅमो आणि कार्ब्युरेटर झाकून ठेवावेत. मग ते फडक्याने व हवेच्या झोताने पूर्ण कोरडे करावे. रॉकेलचा वास जाईपर्यंत ते चालू करू नये, कारण तापलेल्या नळकांड्याशी रॉकेलची गाठ पडणे धोक्याचे असते. नंतर संशयित सांध्यांवर खडूची पूड किंवा साधी शंखजिऱ्याची पावडर भुरभुरावी आणि इंजिन जागच्या जागी दहा-पंधरा मिनिटे चालवावे. पांढऱ्या पुडीवर तेलाची पहिली रेघ उमटते ती उगमापाशीच. तेवढ्याने काही न दिसले तर गाडी चार-पाच किलोमीटर चालवून आणावी आणि पुन्हा पाहावे. अलीकडच्या काळात याच कामासाठी तेलात थोडासा चमकणारा रंग मिसळतात आणि अतिनील प्रकाशाचा दिवा धरून पाहतात. गळतीचा माग पिवळसर हिरवा उजळून निघतो. साधन बदलले, तरी तत्त्व तेच आहे: आधी पाटी कोरी करायची आणि मग तिच्यावर पहिले अक्षर कोठे उमटते ते पाहायचे.

गळती केव्हा होते, यालाही तितकेच महत्त्व आहे. इंजिनातील तेल तीन प्रकारे बाहेर येते. काही ठिकाणी ते पंपाच्या दाबाखाली असते: तेलाचे फिल्टर, दाबमापकाकडे जाणारी बारीक नळी, ब्लॉकमधील तेलवाहिन्यांची बुचे. इंजिन चालू असेपर्यंत येथून तेल जोराने झिरपते आणि बंद करताच थांबते. ही गळती थोड्या वेळात चेंबर रिकामे करू शकते, म्हणून तिला अग्रक्रम द्यावा. दुसऱ्या ठिकाणी तेल केवळ उडालेले वा साचलेले असते: रॉकर कव्हर, बाजूची झाकणे, चेंबरचे पॅकिंग. येथील गळती संथ असते, आणि चेंबरची गळती इंजिन बंद असतानाही चालू राहते. तिसऱ्या प्रकारात तेलाला बाहेर ढकलणारी शक्ती असते क्रँककेसमधील वायूंची. ती कोणत्याही एका सांध्याला बांधलेली नसते, म्हणूनच ती सर्वांत फसवी.

आता या इंजिनाची परिक्रमा पुढून मागे करावी. अगदी पुढे, क्रँकशाफ्टच्या पुलीमागे, टायमिंग चेनचे झाकण असते. त्यातील सीलने पुलीच्या मानेला सर्व बाजूंनी सारखे कवटाळले पाहिजे. झाकणाचे बोल्ट आवळून टाकल्यावर मग पुली बसवली, तर सील एका बाजूला दाबले जाते आणि दुसऱ्या बाजूला फट राहते. म्हणून बोल्ट सैल असतानाच पुली घालून झाकण केंद्रित करावे आणि नंतर आवळावे. सीलच्या मागे तेल दूर फेकणारी एक ताटली असते. ती उलटी बसली तर तेल सीलवरच येऊन पडते. रबरी सील कोरडे बसवले तर पहिल्या काही क्षणांतच त्याची ओठासारखी कड करपते. आणि पुलीच्या मानेवर जुन्या सीलने खोबण पाडली असेल, तर कितीही नवे सील घातले तरी ते त्याच खोबणीत हरते. अशा वेळी माने भोवती पातळ कडे चढवणे किंवा सील किंचित पुढे-मागे बसवणे हाच उपाय.

उजव्या बाजूला तेलाचे फिल्टर येते. त्याच्या भांड्याच्या तोंडाशी रबराचे कडे असते. जुने कडे खोबणीत चिकटून राहिले आणि त्यावरच नवे घातले, तर दोन कड्यांमधून दाबाखालचे तेल उसळते. डाव्या बाजूला, नळकांड्याच्या खाली, व्हॉल्व्हच्या टॅपेटांची दोन झाकणे असतात. त्यांचे पॅकिंग कॉर्कचे. जागा अडचणीची, उष्णता भरपूर आणि झाकणाचा पत्रा पातळ, त्यामुळे ही दोन झाकणे गळतीची जुनी माहेरघरे आहेत. गॅरेजात वरच्या रॉकर कव्हरलाही टॅपेट कव्हरच म्हणतात, म्हणून बिलावर ‘टॅपेट कव्हर पॅकिंग बदलले’ असे लिहिलेले असले तरी कोणते, ते विचारून घ्यावे.

चेंबरच्या बाबतीत एक गोष्ट विशेष सांगण्यासारखी आहे. गळती दिसली की बोल्ट आणखी आवळायचे, हा सहजभाव आहे. पण कॉर्कचे पॅकिंग मर्यादेपलीकडे दाबले की चिरडते आणि फाटते. चेंबरच्या पत्र्याची कडही प्रत्येक बोल्टाभोवती खोलगट होते आणि दोन बोल्टांच्या मध्ये उचलली जाते. मग जितके आवळावे तितकी फट वाढते. योग्य उपचार म्हणजे चेंबर उतरवून, सपाट लोखंडावर ठेवून, कडेचे उंचवटे हलक्या हातोडीने बसवणे, नवे पॅकिंग घालणे आणि सारे बोल्ट थोडे थोडे, क्रमाक्रमाने, सारख्या ताणाने लावणे. पॅकिंगला शेलॅक लावण्याची जुनी चाल आहे; आता तिच्या जागी सिलिकोनची नळी आली. दोन्हींचा पातळ लेप पुरेसा असतो. जाड थर बाहेर जितका दिसतो तितकाच आतही सरकतो, तुटून तेलात पडतो आणि पंपाच्या गाळणीत अडकतो. गळती थांबवण्याच्या नादात बेअरिंगांना तेल मिळेनासे होणे हा काही फायद्याचा सौदा नाही.

परिक्रमेचा शेवटचा आणि सर्वांत महागडा मुक्काम म्हणजे क्रँकशाफ्टचे मागचे टोक. तीन मुख्य बेअरिंगांच्या या मूळ रचनेत तेथे शाफ्टला कवटाळणारे रबरी सील नाही. त्याऐवजी शाफ्टवर स्क्रूच्या आट्यांसारखी एक नागमोडी खोबण कोरलेली असते. इंजिन फिरते तेव्हा ही खोबण बाहेर येऊ पाहणारे तेल उलट आत ओढून नेते. शाफ्ट आणि त्याभोवतीचे घर यांच्यात इंचाच्या काही हजारांश भागांचीच फट असते. तेवढ्यावर सारा कारभार चालतो. इंजिन थांबले की ओढणारे कोणी उरत नाही, आणि एखादा-दुसरा थेंब बाहेर येतो. नाक वर करून चढावर उभ्या केलेल्या गाडीतून तो अधिक येतो. हा दोष नसून रचनेचा धर्म आहे. दोष तेव्हा म्हणावा, जेव्हा बेअरिंग झिजून वा चुकीचे बसून शाफ्ट केंद्रापासून ढळतो आणि फट एका बाजूला वाढते, किंवा चेंबरमध्ये तेल परतण्याची वाट शेलॅकने बुजते.

समजा, कोलकात्याच्या एखाद्या टॅक्सीचालकाने कर्ज काढून इंजिन बांधून घेतले आहे. आठवड्याने क्लचच्या हाउसिंगखालून तेल टपकू लागते. पाहणारा म्हणतो, मागचे सील गेले. ज्या इंजिनाला मागे सीलच नाही, त्याविषयी असे म्हटले जाते ते सवयीने. इंजिन उतरवले जाते; तीन दिवसांची कमाई बुडते; मजुरीचा बोजा चढतो. पुन्हा जोडल्यावर थेंब पूर्ववत पडू लागतो. मग कोणीतरी इंजिनाची पाठ धुऊन पावडर मारतो, आणि रॉकर कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात दुमडलेले पॅकिंग दिसते. कधी ते पॅकिंग असते, कधी मागच्या पत्र्याखालचे अस्तर, कधी न घट्ट बसलेले तेलवाहिनीचे बूच. शेवटच्या दोहोंसाठी इंजिन उतरवावेच लागते. परंतु वरचे सारे निर्दोष ठरल्यावर उतरवणे आणि काहीही न पाहता उतरवणे यांत, रोजच्या कमाईवर घर चालवणाऱ्या माणसाच्या दृष्टीने, महिन्याच्या किराण्याइतका फरक असतो.

उरला प्रश्न वायूंचा. पिस्टनच्या रिंगांशेजारून जळलेल्या वायूंचा थोडा अंश नेहमीच क्रँककेसमध्ये उतरतो. गॅरेजच्या भाषेत याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. हे वायू बाहेर जावेत म्हणून जुन्या रचनेत बाजूच्या पुढच्या झाकणातून एक नळी निघून खाली मोकळी सोडलेली असते, आणि रॉकर कव्हरपासून दुसरी नळी एअर क्लीनरला जोडलेली असते. या वाटा गाळाने बुजल्या किंवा बांधणीच्या वेळी नळीत चिंधीचा बोळा तसाच राहून गेला, तर आतला दाब वाढतो आणि तेल मिळेल त्या सांध्यातून बाहेर पडते. आज एक पॅकिंग बदलावे तर उद्या दुसरे ओले होते. एकाच वेळी अनेक ठिकाणी गळणाऱ्या इंजिनात पॅकिंगांना दोष देण्यापूर्वी त्याचा श्वास तपासावा. इंजिन मंद चालू ठेवून तेल ओतण्याचे झाकण काढावे आणि तोंडाशी हलका कागद धरावा. तो नुसता थरथरला तर चिंता नाही; धुराच्या लोटासह जोराने उडाला तर दाब आहे.

नळ्या साफ असूनही दाब असेल तर दृष्टी रिंगांकडे वळते. प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजावे. मग कमी भरलेल्या सिलिंडरात प्लगच्या भोकातून चमचाभर तेल घालून पुन्हा मोजावे. आकडा लक्षणीय वाढला तर दोष रिंगांत वा सिलिंडरच्या भिंतीत. न वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेडचे पॅकिंग पाहावे. मात्र नव्या रिंगांना भिंतीशी जमवून घेण्यास काहीशे किलोमीटर लागतात, आणि त्या मुदतीत थोडे बॅक कॉम्प्रेशन स्वाभाविक असते. या काळात इंजिन तासन्‌तास जागीच मंद चालवत ठेवणे हितकर नाही. मध्यम ओझे, कमी-जास्त वेग आणि वेळेवर बदललेले तेल यांनी रिंगा लवकर बसतात.

शेवटी, किती गळती सोसावी? ढोबळमानाने वीस-पंचवीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दर ५० मीटरला एक थेंब सांडणारी गाडी १,००० किलोमीटरमध्ये पाऊण ते एक लिटर तेल गमावते. जमिनीवर डाग नाही आणि तेल मात्र उतरते, एक्झॉस्टमधून निळसर धूर येतो, तर ते गळत नसून आत जळत आहे. रात्रीचा एखादा थेंब आणि काडीवर स्थिर राहणारी पातळी एवढ्यावर जुने इंजिन वर्षानुवर्षे चालते. पण तेल नळकांड्यावर पडत असेल तर आगीचे भय असते. क्लचच्या तबकडीवर गेले तर ती घसरू लागते. फाउंडेशनच्या रबरावर साचले तर रबर फुगून मऊ पडते. आणि रस्त्यावर सांडलेले तेल पहिल्या पावसात मागून येणाऱ्या सायकलस्वाराच्या चाकाखाली जाते. या ठिकाणी सोसणे योग्य नाही.

इंजिन बांधणाऱ्याने गाडी सोपवताना एक लहानसा कागद द्यावा आणि मालकाने तो मागून घ्यावा: कोणती पॅकिंगे व सीले नवी घातली, शाफ्टच्या मानेवर खोबण होती काय, गरम इंजिनात तेलाचा दाब किती भरला, चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन किती होते. पुढे थेंब दिसला तर शोध कोठून सुरू करायचा, हे त्या चार ओळी सांगतात. त्यानंतर लागते ते थोडे रॉकेल, एक फडके, मूठभर पावडर आणि तासाभराची शांतता. एवढे जवळ असले की बहुतेक इंजिने आपला दोष स्वतःच दाखवून देतात.